प्रवासाचा हक्क : लांडोर बंगल्यापासून ग्रँड कॅनियनपर्यंत

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी, संडास, सगळे गाडीतच. अमेरिकेत अशा गाड्यांना आरव्ही म्हणतात. ॲरिझोना, युटा, न्यू मेक्सिको या वाळवंटी राज्यांतून महिना महिना फिरणारी, एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्यात मुक्काम हलवणारी कुटुंबे आज आपल्या तरुणांच्या मोबाईलवर रोज दिसतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातली पोरेही ते व्हिडीओ पाहतात आणि तोरणमाळचा घाट अशा गाडीने चढावा, असे म्हणतात. त्यात गैर काहीच नाही. चांगले जगण्याचे स्वप्न पाहायला बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले.

पण आपल्यातलेच काही कार्यकर्ते यावर नाक मुरडतात. "पोटाचे प्रश्न बाकी असताना ही कसली सहल?" असे विचारतात. पर्यटन ही सवर्ण मध्यमवर्गाची चैन आहे, चळवळीचा विषय नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. प्रवास करणे, वाटेत पाणी पिणे, रात्री छपराखाली झोपणे आणि आपल्याच देशातला किल्ला किंवा लेणे डोळे भरून पाहणे, या प्रत्येक गोष्टीसाठी आपल्या माणसांना लढावे लागले आहे. हा इतिहास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो आपण वाचतो, पण प्रवासाचा इतिहास म्हणून वाचत नाही. या लेखात तो तसा वाचायचा आहे.

एका माणसाचे चार प्रवास

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेखानी आत्मकथन. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले. शीर्षकाकडे नीट पाहा. व्हिसा परदेशात जायला लागतो. इथे स्वतःच्याच देशात फिरायला व्हिसा लागतो आणि तो कोणी देत नाही. बाबासाहेबांचे स्वतःचे जे प्रमुख अनुभव त्यात आले आहेत, ते सगळे प्रवासातले आहेत. हा योगायोग नाही. गावात माणसाला आपली 'जागा' माहीत असते, निदान तशी सक्ती असते. प्रवासात तो अनोळखी असतो, आणि अनोळखी माणसाची जात शोधून काढल्याशिवाय या समाजाला चैन पडत नाही.

पहिला प्रवास १९०१ चा. बाबासाहेब नऊ वर्षांचे. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला. मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. कपडे चांगले, बोलणे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे द्यायला तयार असलेल्या मुलांनाही न्यायला तयार होईनात. शेवटी तडजोड झाली. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. पैसे दुप्पट घेतले, पण गाडीत सोबत बसणे त्याला बाटवणारे वाटले. वाटेत डबा होता, पाणी नव्हते. पाण्यावाचून भाकरी घशाखाली उतरली नाही. पोरे उपाशी राहिली.

दुसरा प्रवास १९१७ चा, बडोद्याचा. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस राहायला खोली शोधतो आहे. हिंदू हॉटेलात जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा देणे टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये लोकांसाठी उभारलेली हीच बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. तिथल्या वडाखालच्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. इतर लोक बागेत फिरायला येतात. शहरात दुसरीकडे कुठे बसायची सोय नव्हती म्हणून आपला माणूस त्या बागेत बसला होता. सार्वजनिक बाग म्हणजे काय, याची यापेक्षा नेमकी व्याख्या आम्हाला सापडलेली नाही. सगळी दारे बंद झाल्यावरही जी जागा उघडी राहते, ती सार्वजनिक जागा.

तिसरा प्रवास आपल्या खानदेशातला, १९२९ चा. मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. अस्पृश्य आणि आदिवासी, दोघांच्याही स्थितीची चौकशी हे तिचे काम. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि पूर्व व पश्चिम खानदेश हे जिल्हे त्यांच्या वाट्याला आले होते. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या महार-मांग-चांभारांचे आणि भिल्ल-पावरांचे प्रश्न एकाच समितीपुढे, एकाच वेळी मांडले जात होते. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम आटोपून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात बहिष्काराचे प्रकरण होते, त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. ते गावाहून परत स्टेशनावर आले, तेव्हा एकही टांगेवाला महार सवारी घ्यायला तयार नव्हता. पुन्हा तडजोड. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा. आपल्यातला जो माणूस पुढे बसला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. महारवाड्याच्या वाटेवर नदीवरच्या मोरीत चाक अडकले आणि घोड्यासकट टांगा खाली गेला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. मुंबई सरकारच्या समितीचा सदस्य, बॅरिस्टर, आणि त्याचा जीव एका टांगेवाल्याच्या सोवळ्यापायी टांगणीला लागला. मसूरच्या गाडीवानाने १९०१ मध्ये जे केले, तेच चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी २८ वर्षांनंतर केले. मधल्या काळात बाबासाहेबांनी जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्या होत्या. पदवीने टांगा मिळाला नाही.

सहलही गुपचूप करावी लागली

चौथा प्रवास आमच्या विषयाच्या अगदी जवळचा. तो कामाचा नव्हता, निव्वळ सहलीचा होता. १९३४ मध्ये चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे हट्ट धरला की आपण कुठेतरी फिरायला जाऊ. बाबासाहेबांनी होकार दिला, मात्र वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जण. भाड्याच्या बस आणि मोटारी. नाशिकहून येवला, पुढे निजामच्या हद्दीतून औरंगाबादच्या दिशेने. आजच्या भाषेत ही रोड ट्रिपच.

या सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला आडगावी काय भोगावे लागते हे ठाऊक असल्याने ओळख न देता प्रवास करायचा, असे ठरले होते. फक्त जिथे थांबायचे होते तिथल्या आपल्या लोकांना निरोप होता. दौलताबादला लोक चहा-फराळ घेऊन वाट पाहत होते. दिवस मावळायच्या आत किल्ला पाहायचा म्हणून मंडळी चहा न घेताच पुढे गेली. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेले पाण्याचे टाके होते, भोवती दगडी फरसबंदी. रस्त्याच्या धुळीने सगळ्यांचे चेहरे माखले होते. काहींनी हातपाय धुतले. थोड्याच वेळात मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला. धेडांनी टाके बाटवले, असा त्याचा आरोप. गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. रमजानचा महिना होता. बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी बंद करणार काय? कोणाकडे उत्तर नव्हते. शेवटी किल्ला पाहू दिला, पण एक हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून.

या प्रसंगाचा आजकाल काही लोक मुसलमानांविरुद्ध वापर करतात. त्यांनी बडोद्याचे पान झाकून ठेवलेले असते आणि मसूर-चाळीसगावचेही. बाबासाहेबांचे म्हणणे स्पष्ट आहे. हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरवले, तो या देशात पारशाला आणि मुसलमानालाही अस्पृश्य होतो. रोगाचे मूळ कुठे आहे आणि संसर्ग कुठवर पोचला आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संसर्ग दाखवून मूळ लपवता येत नाही.

आणखी एक. ज्या येवल्यावरून १९३४ मध्ये ही सहल गेली, त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा झाली. एका सहलीमुळे ती झाली, असे म्हणणे बालिश ठरेल. पण बौद्ध लेणी पाहायला निघालेल्या तीस माणसांना पाण्यासाठी शिव्या खाव्या लागतात, हा अनुभव त्या घोषणेच्या मागे उभा होता, हेही विसरता येत नाही.

संविधानातले एक कलम, प्रवाशाच्या नजरेने

या चारही प्रवासांत तीन गोष्टी नाकारल्या गेल्या : वाहन, मुक्काम आणि पाणी. आता कायद्याची वाट पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पाणवठा आणि धर्मशाळा, म्हणजे वाटसरूच्या दोन पहिल्या गरजा. महाडचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाची अंमलबजावणी होती. चवदार तळ्यावर आपण फक्त तहान भागवायला गेलो नव्हतो. तळे सार्वजनिक आहे, म्हणजे आपलेही आहे, हे सिद्ध करायला गेलो होतो.

नंतर संविधानाचे कलम १५(२) आले. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश, आणि सरकारी निधीतल्या किंवा लोकांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर, याबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. ही यादी आपण परीक्षेसाठी पाठ करतो. एकदा प्रवाशाच्या नजरेने वाचून पाहा. मसूरचा रस्ता तिच्यात आहे, बडोद्याचे हॉटेल आहे, दौलताबादचे टाके आहे. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, कलम १९ ने देशभर मुक्त संचार दिला, १९५५ च्या कायद्याने शिक्षेची तरतूद केली. जिला कोणी चैन म्हणतो, ती सहल मूलभूत हक्कांच्या प्रकरणात बसलेली आहे.

अमेरिकेची हिरवी पुस्तिका

आता त्या आरव्हीवाल्या अमेरिकेकडे वळू. बाबासाहेब 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहीत होते त्याच सुमारास, १९३६ मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या काळ्या पोस्टमनने एक पुस्तिका छापली, 'द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक'. मोटारीने निघालेल्या काळ्या कुटुंबाला कोणत्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, गाडी कोण दुरुस्त करून देईल, याची ती यादी होती. कारण बाकी ठिकाणी 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर काळा माणूस दिसता कामा नये, असा दंडक होता. म्हणून काळी कुटुंबे शिदोरी, पाणी, पांघरुणे, पेट्रोलचा डबा, सगळे गाडीत भरून निघत. चाकांवरचे घर ही गोऱ्यांना मौज वाटते. काळ्यांसाठी ती जीव वाचवण्याची युक्ती होती.

राष्ट्रीय उद्यानेही यातून सुटली नव्हती. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ उद्यानात १९३९ मध्ये काळ्यांसाठी लुईस माउंटन नावाचा वेगळा तळ उघडला. डोंगर एकच, पण सहलीची जागा वेगळी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर हॉटेले-उपाहारगृहांतला हा भेद बेकायदा ठरला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ग्रीन बुक बंद झाले. अशी पुस्तिका लागू नये असा दिवस यावा, हीच ग्रीन यांची इच्छा होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. ते साम्य ग्रंथांपुरते नाही, रस्त्यावरही दिसते.

पाहण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण व्हिडीओत दिसणाऱ्या त्या सुंदर उद्यानांची दुसरी बाजूही आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यात राहून तिच्याकडे डोळेझाक करणे आम्हाला शक्य नाही.

ग्रँड कॅनियन १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्या दरीत आणि भोवतीच्या पठारावर हवासुपाई हे आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहत, शेती करत, शिकार करत. त्यांना दरीतल्या एका लहान तुकड्यात कोंडले आणि उरलेले 'निसर्ग' म्हणून पर्यटकांना खुले केले. दीर्घ लढ्यानंतर १९७५ मध्ये सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली. ज्या ठिकाणाला पर्यटक इंडियन गार्डन म्हणत, त्याचे नाव २०२२ मध्ये हवासुपाई गार्डन्स झाले. याउलट मॉन्युमेंट व्हॅली पाहा. चित्रपटांतून जगभर पोचलेले ते लाल खडक नवाहो लोकांच्या स्वतःच्या उद्यानात आहेत. १९५८ पासून ते उद्यान नवाहो राष्ट्राच्या ताब्यात आहे. तिथे आरव्ही घेऊन जाणारा गोरा माणूस प्रवेशाचे पैसे नवाहोंना देतो.

आता सातपुड्यात या. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावे गेली. मणिबेली त्यातले पहिले. त्याच धरणासमोर २०१८ मध्ये १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि केवडिया हे पर्यटनस्थळ झाले. सुट्टीत आपलीही माणसे तिथे जातात, सेल्फी काढतात. ज्या पाण्याकडे पाठ करून सेल्फी निघतो, त्या पाण्याखाली कोणाची चूल होती, हा प्रश्न किती जण विचारतात?

आमचा मुद्दा इथे आहे. १९२९ ची स्टार्ट समिती अस्पृश्यांची होती, तशीच आदिवासींची होती. आपल्याला पाहण्याचा हक्क नाकारला गेला, आदिवासींना राहण्याचा. दोन्ही हक्क नाकारणारी व्यवस्था एकच. म्हणून आंबेडकरी तरुणाचे पर्यटन दौलताबादच्या शिपायासारखे असू शकत नाही, की मला दार उघडे आहे, बाकीच्यांचे मला काय. तोरणमाळला यशवंत तलाव आणि सीताखाई पाहायला जरूर जा. पण तिथली अक्राणी ही पाचव्या अनुसूचीतली भूमी आहे, १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा तिथे लागू आहे, हे माहीत असू द्या. उद्या कॅराव्हॅनसाठी तळ आखले जातील, तेव्हा ग्रामसभेला विचारले का, पैसा पावरा-भिल्लांच्या हाती जातो का, हे विचारणारे पहिले आवाज आपले असले पाहिजेत.

आपलीही एक परंपरा आहे

"ते दिवस गेले," असे कोणी म्हणेल. पाट्या गेल्या, हे खरे. पण मुक्कामाच्या जागी "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न आजही येतो, आणि नाव सांगितल्यावर "आडनाव?" हा दुसरा. मसूरच्या स्टेशनमास्तरचीच ती चौकशी आहे, फक्त आवाज मवाळ झाला आहे.

आणि या सगळ्याला पुरून उरलेली आपली प्रवासाची परंपराही आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघणारे टेम्पो आठवा. स्टोव्ह, पिठाचा डबा, सतरंज्या, पाण्याचे ड्रम, पोरेबाळे, निळा झेंडा. आचारी सोबत घेऊन बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनीला जाणाऱ्या आपल्या वस्त्यांतल्या बस आठवा. चाकांवरचे घर आपल्या आया-आज्यांनी सरकारी धोरणाच्या कितीतरी आधी चालवले. त्यांना कोणी पर्यटक म्हटले नाही, गर्दी म्हटले. वर्तमानपत्रांनी अस्वच्छतेच्या बातम्या दिल्या. पण हातात पुस्तक घेऊन घरी परतणारी ही माणसे जगातल्या कोणत्याही पर्यटकापेक्षा जास्त घेऊन येतात.

खानदेशात या परंपरेचे एक ठिकाण आहे. धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचे वन आणि त्यात टेकडीवर लांडोर बंगला. न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी तिथे मुक्कामाला होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे भीमस्मृती यात्रा भरते. आठच वर्षांपूर्वी याच खानदेशात त्यांना टांगा मिळाला नव्हता. चाळीसगावची मोरी आणि लांडोर बंगला एकमेकांशेजारी ठेवले की इतिहास समजतो. पावसाळ्यात हिरव्या झालेल्या त्या रानात लोक धबधबा पाहतात, भाकरी खातात, भीमगीते ऐकतात. पाहणे, राहणे आणि स्मरणे, तिन्ही एकाच जागी.

तरुणांना आमचे सांगणे इतकेच. यंदा लळिंगला जाल तेव्हा रिकाम्या हाताने परतू नका. आपल्या वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा : तुम्ही पहिल्यांदा गावाबाहेर कधी गेलात, कशाने गेलात, वाटेत पाणी कुठे प्यायलात, रात्री कुठे झोपलात? चार प्रश्न. उत्तरे वहीत लिहा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. बाबासाहेबांनी स्वतःचे प्रवास लिहिले म्हणून आज आपल्याकडे पुरावा आहे. आपल्या आजोबांचे प्रवास कोणी लिहिले नाहीत, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. मग खुशाल गाडी घ्या आणि देश पाहा, वेरूळपासून वाळवंटापर्यंत. व्हिसा संविधानाने दिलेला आहे. तो खिशात आहे याची खात्री असू द्या, आणि शेजारच्याचा व्हिसा कोणी फाडत असेल तर गाडी थांबवा.

जय भीम!